दुसऱ्या खेपेची खुर्ची

अन्याय झाला तो रोहिणी उदगीरकर हिच्यावर. गेल्या ऑगस्टमधल्या दुसऱ्या सोमवारी, चौथ्या तासाला, जामबागेतल्या एका खासगी शाळेत, सहावी ‘ब’च्या सगळ्या मुलांच्या डोळ्यांदेखत. तिला सातवा महिना सरत आला होता. तिच्याखालची खुर्ची काढून नेली. खुर्ची म्हणजे पद, सत्ता, मानमरातब असलं काही डोक्यात आणू नका. लाल प्लास्टिकची, एका पायानं जरा लंगडी, स्टाफरूमच्या कोपऱ्यात पडलेली खुर्ची. तेवढीसुद्धा बघवली नाही.

शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की तुम्ही म्हणणार, ‘अरेरे, ती शाळा होय? आमच्या मुलांची तशी नाही हो.’ तुम्ही आत जाऊन कधी बघितलंयत?

मी पत्रकं लिहिते आणि वाटते. बसस्टॉपवर, बाजारात, कॉलेजच्या दारात. पत्रकात मागण्या मावतात, माणूस मावत नाही. रोहिणीअक्का तर मुळीच मावायची नाही. म्हणून हे वेगळं.

चिक्कडपल्लीतल्या आमच्या बिल्डिंगीत ती तिसऱ्या मजल्यावर आणि मी बरोबर तिच्या डोक्यावर. अख्खी बिल्डिंग तिला अक्का म्हणते, तिच्याहून वयानं मोठे सुद्धा. पणजोबा निजामाच्या काळात उदगीरहून ह्या त्याच्या राजधानीत आले आणि इथलेच झाले, त्यामुळे तिची मराठी मराठवाड्याची, फोडणी दखनीची, आणि भाजीवाल्याशी भांडताना अस्सल तेलुगू. पुण्याहून नोकरीसाठी आलेली मंडळी तिचं बोलणं ऐकून गालात हसायची. तिला ते कळायचं. ‘हस की बाई मोकळ्यानं,’ ती म्हणायची, ‘दाबून ठेवशील तर गॅस होतो.’

तिची एक खोड होती. उभ्या माणसाशी ती बोलायचीच नाही. दारात कुरिअरवाला आला तरी आधी स्टूल पुढे सरकवायची. ‘बैठो पैले. फिर बोलो.’ तो बिचारा म्हणायचा, अम्मा, फक्त सही पाहिजे. ‘हौ, तर मग बसून घे सही.’ मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन धावतपळत खाली उतरायची, तर जिन्यातच अडवायची: ‘काय करायलीस? क्रांती? बस दोन मिनिटं. बसून पण होते.’

गणित शिकवायची. तिच्या वर्गात मुलांना गणित येवो न येवो, भीती जायची. चुकलेलं उत्तर ती फळ्यावर मोठ्ठं लिहायची आणि विचारायची, ‘हा भला माणूस इथं कसा पोचला? रस्ता कुठं चुकला?’ मुलं उत्तराच्या मागे मागे जात चूक हुडकून काढायची. आणि कुणी आवाज चढवून बोललं, मग ते पोर असो की पालक, तर तिचं एकच ठरलेलं: ‘हौ. मग?’ एवढंच, शांतपणे. समोरच्याला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागायचं, आणि दुसऱ्यांदा सांगताना बहुतेकांना स्वतःचीच लाज वाटायची.

ही तीच अक्का, जिला तिच्या पहिल्या बाळंतपणानं अडकवलं.

चिनू पोटात होती तेव्हा अक्का नवव्या महिन्यापर्यंत उभी राहून शिकवत होती. त्रास झाला नाही, तिची तब्येत तशी होती. शाळेनं त्याचं काय करावं? वार्षिक संमेलनात तिला स्टेजवर बोलावलं, शाल घातली आणि माईकवरून सांगितलं, हिला म्हणतात डेडिकेशन. स्टाफरूममध्ये तिचा फोटो लागला. नंतर कुणी टीचर पाठ धरून कण्हली की त्या फोटोकडे बोट दाखवायचे. अक्काला त्या फोटोचा मनस्वी राग होता. ‘मी काय केलं त्यात? दुखत नव्हतं म्हणून उभी राहिले. दुखलं असतं तर बसले असते. ह्याच्यात शाल कशाची?’

चिनू चार वर्षांची झाली आणि अक्काला पुन्हा दिवस गेले.

आता नीट ऐका, कारण बाई मोडते ती इथेच, आणि तिला मोडताना सगळे हसतमुख असतात. पहिल्या खेपेला सगळं घर तिच्याभोवती फिरत होतं. सासूबाईंनी, त्यांना ती आत्याबाई म्हणायची, डिंकाचे लाडू केले. नवऱ्यानं, शिरीषनं, मोबाइलवर ते अ‍ॅप घेतलं होतं, आज बाळ लिंबाएवढं, आज आंब्याएवढं असं सांगणारं. रोज पाय चेपून द्यायचा. सातव्यात डोहाळजेवण, मग नवव्यात माहेरी बोधनला रवानगी. दुसऱ्या खेपेला? पहिलं माहेरी, दुसरं सासरी, ही आपली रीत. म्हणजे जिथे राबायचं तिथेच बाळंत व्हायचं. फोनमध्ये जागा नाही म्हणून शिरीषनं अ‍ॅप केव्हाच उडवलं होतं. आणि ज्याच्या त्याच्या तोंडात एकच वाक्य: ‘तुला काय बाई, तुला अनुभव आहे.’

शिरीष वाईट माणूस नाही. आत्याबाईही नाहीत. तेच तर जास्त संतापजनक आहे. वाईट माणसाशी भांडता येतं. ‘तुला अनुभव आहे’ म्हणणाऱ्याशी कसं भांडायचं? ते तर कौतुक असतं!

आणि अनुभव कसला? दुसऱ्या खेपेला पोट लवकर सुटतं. कंबर लवकर बोलायला लागते. पोटऱ्यांवर निळ्या शिरा येतात. आणि ह्या वेळी कडेवर एक चार वर्षांचं आधीच असतं, त्याला आई तीच हवी असते, जी काल धावत होती. पहिल्या खेपेला दुपारी झोपता येतं. दुसऱ्या खेपेला दुपारी पहिलं उठतं.

अक्का रडत बसली नाही. गणिताची बाई ती, हिशोब मांडला. कडेवर घेणं बंद केलं, पण चिनूला तसं कळू दिलं नाही. जिन्याच्या पायथ्याशी ओढणीचं टोक तिच्या हातात द्यायची: ‘मला वर ओढून ने. मी आता लई जड झाले, तुझ्याशिवाय होत नाही.’ चिनू तोंडानं इंजिनाचा आवाज काढत तिला तीन मजले ‘ओढत’ आणायची आणि वर पोचल्यावर दमल्याचं नाटक करून दारात पसरायची. घरात अक्का जमिनीवर मांडी घालून बसायची आणि म्हणायची, चढ माझ्यावर. पोरीला मांडी मिळाली, कंबर वाचली.

लोहाची गोळी चहासोबत नाही, लिंबूपाण्यासोबत. थोडं थोडं खाणं, पण दिवसभर. पर्समध्ये कायम फुटाणे आणि गूळ. झोपताना डाव्या कुशीवर, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. त्या उशीवरून घरात महाभारत झालं. आत्याबाई म्हणाल्या, ‘आमच्या वेळी नव्हती बाई उशी-बिशी.’

‘हौ. मग?’

‘मग म्हणजे? झालीच की चार पोरं.’

‘झाली की. आणि कंबर कधीपासून दुखायली तुमची?’

आत्याबाई हळूच म्हणाल्या, ‘दुसऱ्यापासून.’ त्या रात्री त्यांनी स्वतःसाठीही एक उशी मागून घेतली. हा प्रसंग अक्का हसत हसत सांगायची. मला हसू यायचं नाही. तीस-पस्तीस वर्षं एका बाईची कंबर दुखतेय आणि घरात कुणी तिला कधी विचारलं नाही, ह्यात विनोदी काय आहे?

एकदा तपासणीला मी सोबत गेले, शिरीषला कॉल होता म्हणून. दवाखान्यात ही गर्दी. डॉक्टरबाईंनी वर न बघताच विचारलं, ‘सेकंड ना? सब पता है आपको. नेक्स्ट.’

अक्का उठलीच नाही. खुर्ची उलट पुढे ओढली. ‘डॉक्टर, माझं दुसरं आहे. ह्या पोटातल्याचं पहिलंच आहे. त्याला काही पता नाही. तर मी त्याच्या वतीनं विचारते.’

डॉक्टरबाईंनी मान वर केली. मग मात्र नीट तपासलं. पायावरची सूज बोटानं दाबून पाहिली, रक्तदाब पुन्हा मोजला. पहिल्या खेपेपेक्षा वर होता. मिठावर हात आवरा, डोकं दुखलं किंवा डोळ्यांपुढे काजवे चमकले तर लगेच या, आणि फार वेळ उभं राहणं बंद, असं त्यांनी बजावलं. तसं कागदावर लिहूनही दिलं. अक्का तेव्हा बसली नसती, प्रश्न विचारले नसते, तर बाहेर ‘नेक्स्ट’ उभीच होती.

आता शाळेचा नियम. तिथल्या कुठल्याच वर्गात शिक्षकाला खुर्ची नाही. मोडली म्हणून, पुरत नाही म्हणून असं काही नाही. होत्या, त्या काढून टाकल्या. शिक्षक बसला की वर्ग झोपतो, असं वरच्यांचं म्हणणं. प्रत्येक वर्गात कॅमेरा, आणि पालकांना मोबाइलवर वर्ग दिसण्याची सोय. सात तास उभं राहायचं. कुठे भिंतीला टेकलं तरी खालून फोन येतो: ‘मॅडम, कुछ प्रॉब्लेम है?’

अक्कानं डॉक्टरांचा कागद नेऊन दिला. व्हाइस प्रिन्सिपल बाईंनी वाचला आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या, ‘रोहिणी टीचर, पिछली बार तो आप नाइन्थ मंथ तक खडी थी. फोटो भी लगा है आपका.’

‘हौ. तो फोटो काढा, खुर्ची लावा.’

‘एकाला दिली की सगळ्यांना द्यावी लागते.’

‘मग द्या की सगळ्यांना. मी कुठं एकटीसाठी मागायले?’

‘बैठना है तो घर पे बैठो ना, मॅडम. मेरे भी दो हैं. हमने नहीं किया क्या?’

बघा! बाईच्या तोंडून. हमने नहीं किया क्या. आपण सोसलं ते दुसरीनंही सोसलं पाहिजे, नाहीतर आपलं सोसणं फुकट गेलं असं वाटतं. ह्या वाक्यावर कितीतरी शाळा चालतात, दवाखाने चालतात, कितीतरी घरं तर फक्त ह्याच वाक्यावर उभी आहेत.

अक्कानं त्यानंतर जे केलं ते तिलाच सुचावं. तिनं स्वतःचं डोहाळजेवण स्वतःच घातलं. दुसऱ्या खेपेचं डोहाळजेवण! आत्याबाईंना घाम फुटला. ‘दुसऱ्याचं कुणी करतं का गं? लोक काय म्हणतील?’

‘का? दुसऱ्याला पोट नसतं?’

आमंत्रण तोंडी होतं आणि एकच अट होती, येताना आपली खुर्ची घेऊन या. रविवारी दुपारी जिन्यातून बायका खुर्च्या घेऊन चढत होत्या, जणू मिरवणूकच. झोपाळा नाही, धनुष्यबाण नाही, बर्फी की पेढा नाही. अंबाडीची भाजी, ज्वारीच्या भाकरी, खट्टी दाल, दहीभात. अक्का मधोमध, पाय स्टुलावर, आणि चिनू तिच्या पोटाला कान लावून आतल्या बाळाला पाढे म्हणून दाखवत होती. शाळेतल्या टीचरही आल्या होत्या. जेवणं झाल्यावर अक्कानं विषय काढला. गुडघ्यांनी हैराण झालेली एक होती, पाळीच्या दिवसांत गोळ्या खाऊन उभी राहणारी एक होती, आणि विज्ञानाची पद्मजा टीचर, तिच्या पोटऱ्यांवरच्या शिरा बघवत नव्हत्या. सगळ्यांनी तिथेच ठरवलं. उद्या प्रत्येकीनं स्टाफरूममधली खुर्ची उचलायची आणि आपापल्या वर्गात न्यायची. एकीला काढतील, सगळ्यांना कसं काढतील? टाळ्या झाल्या. पद्मजानं तर अक्काच्या ओटीवर हात ठेवून शब्द दिला: ‘प्रॉमिस, अक्का.’

आपल्याकडे बायका डोहाळजेवणाला अख्खी बिल्डिंग उचलून येतात. ओटी भरतात, पोटभर जेवतात, आशीर्वाद देतात. दुसऱ्या दिवशी त्याच पोटासाठी एक खुर्ची उचलायची वेळ आली की हात गळून पडतात.

सोमवारी फक्त अक्कानं खुर्ची उचलली.

हे सगळं मला पुढे अक्कानंच सांगितलं, आणि पद्मजानंही, मान खाली घालून. पहिले तीन तास तिला कुणी काही बोललं नाही. ती बसून शिकवत होती, सोडवायला मुलं फळ्यापाशी जात होती, वर्ग छान चालला होता. कुणी झोपलं नाही. चौथ्या तासाला व्हाइस प्रिन्सिपल बाई शिपायाला घेऊन वर्गात आल्या. मोबाइलवर वर्ग बघणाऱ्या एका पालकाचा मेसेज आला होता: टीचर बसून शिकवते, आम्ही फी कशाची भरतो?

‘उठा, मॅडम.’

‘हौ. मग?’

ह्या वेळी समोरच्या बाईंना दुसऱ्यांदा सांगताना लाज वाटली नाही. उलट आवाज चढला. ‘यादगिरी, कुर्सी लेके जाओ.’ यादगिरी दाराशी थिजून उभा. मुलांपुढे ओढाताण नको म्हणून अक्का आपणहून उठली. खुर्ची गेली. पहिल्या बाकावरची एक मुलगी सरकली आणि म्हणाली, ‘टीचर, इधर बैठो, मेरे बाजू.’ तर त्या मुलीलाच रागावलं: ‘बाक मुलांसाठी असतो.’ सहावीच्या पोरीला जे कळलं ते त्या इमारतीत आणखी कुणाला कळलं नव्हतं.

अक्कानं तो तास उभ्यानं घेतला. त्यानंतरचेही घेतले. मधल्या सुट्टीत पद्मजा तिला म्हणाली, ‘मैं लायी थी, अक्का. दरवाजे तक लायी थी.’ अक्का म्हणाली, ‘हौ, दिसलीस मला. पाणी आण जरा, डोकं लई दुखायलंय.’

शेवटच्या तासाला फळ्यावरचे आकडे तिला दोन दोन दिसायला लागले. डोळ्यांपुढे काजवे. डॉक्टरांनी सांगितलेलं तिच्या लक्षात होतं, म्हणून ती वर्गातून थेट खाली उतरली, कुणाची परवानगी न घेता रिक्षात बसली आणि तिथून शिरीषला फोन केला. रक्तदाब एवढा चढला होता की त्याच संध्याकाळी सिझेरियन करावं लागलं. मुलगा झाला. ओंजळीत मावेल एवढा. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं आणि पुढचे कितीतरी दिवस कुणी काही सांगेना, राहील की नाही.

राहिला. आणि तो राहिला ह्याच गोष्टीनं सगळ्यांची तोंडं उघडली. दोघं सुखरूप ना, मग झालं तर! शाळेनं फुलांचा गुच्छ पाठवला. डॉक्टर प्रामाणिक होत्या, त्यांनी मला सांगितलं की नुसतं उभं राहिल्यानंच असं झालं असं म्हणता येत नाही, कारणं बरीच असतात. शाळेनं हे वाक्य घट्ट धरून ठेवलंय. ‘असं म्हणता येत नाही.’ ठीक आहे, नाही म्हणत. मी एवढंच म्हणते, ज्या बाईला डॉक्टरनं लिहून दिलं होतं की उभी राहू नकोस, तिला तुम्ही मुलांसमोर उठवून उभं केलंत. एवढं तर म्हणता येतं ना?

नोकरी गेली. काढलं नाही तिला, नुसतं म्हणाले की बाळ नाजूक आहे, तुम्ही आरामच करा. आता आराम आठवला!

शेवटचं तिला पाहिलं ते हॉस्पिटलात, बाळांच्या वॉर्डाबाहेर. तिथे आयांना दर थोड्या वेळानं आत दूध द्यायला बोलवतात, आणि मधल्या वेळात ताज्या टाक्यांच्या बाया भिंतीला धरून उभ्या. बाक एकच, त्यावर नातेवाईक पुरुष. अक्का गाऊनवर शाल पांघरून भिंतीला टेकून फरशीवर बसली होती, पाय पिशवीवर उंच ठेवून, आणि आत्याबाई शेजारी बसून तिला डब्यातला दहीभात भरवत होत्या. वॉचमन आला. ‘अम्मा, यहाँ नीचे नहीं बैठना.’

मला वाटलं, आता ‘हौ, मग?’ येणार. आलं नाही. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग बाकावरच्या पुरुषांकडे पाहिलं, आणि घास चावत राहिली. चेहरा ओळखू येत नव्हता, इतकी दमली होती. आत्याबाईच उठल्या. ह्या बाईचा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. बाकाशी गेल्या आणि म्हणाल्या, ‘उठा सगळे! उठा म्हणते ना!’ ते उठले. अक्का अंग सावरत बाकावर बसली. तिच्यामागून बाकीच्या आयाही येऊन बसल्या. बाळाचं वजन भरल्यावर आत्याबाईंनी रीत गुंडाळून ठेवली आणि सुनेला तिथूनच गाडीत घालून तिच्या आईकडे, बोधनला धाडलं. अक्का अजून आलेली नाही. सहावी ‘ब’ला नवी टीचर मिळाली. उभी असते.

आता तुमच्याशी बोलते. तो मेसेज पाठवणारा पालक कोण, मला माहीत नाही. पण शाळा प्रत्येक टीचरला सांगते की पालकांना चालत नाही. पालक म्हणजे तुम्ही. तुमच्या नावावर ह्या बायकांना उभं केलं जातंय, आणि तुम्ही गप्प आहात म्हणून तुमची सही धरली जातेय. उद्या सकाळी मुलाला सोडायला जाल तेव्हा गेटवरून परत फिरू नका. आत जा. त्याच्या वर्गात टीचरला खुर्ची आहे का, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. नसेल तर ऑफिसात जा आणि मोठ्यानं सांगा: माझ्या मुलाला बसून शिकवलेलं मला चालतं, खुर्ची ठेवा. आणि ती वर्गात आलेली दिसेपर्यंत तिथून हलू नका.